इतोसू आन्को: कराटे शाळेत नेणारे ओकिनावाचे गुरू – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इतोसू आन्को कोण होते?

ओकिनावा बेटावरच्या शुरी या जुन्या राजधानीत, गिबो भागात, 1831 साली जन्मलेले कराटेगुरू. 1915 साली वारले. आज जगभरच्या क्लासमध्ये मुले रांगेत उभी राहून मोजणीच्या तालावर काता (ठरावीक क्रमाने करायच्या हालचालींचा संच) करतात, पहिल्या वर्षी पाच ठरावीक काता शिकतात. ही पद्धत सुरू करण्याचे श्रेय इतर कोणाहीपेक्षा इतोसू यांच्याकडे जाते. त्यांच्याआधी कराटे रात्रीच्या वेळी, गुरूच्या अंगणात, दोन-चार निवडक शिष्यांना शिकवले जाई.

आन्को इतोसू, इतोसू यासुत्सुने: ही दोन माणसे आहेत का?

नाही, माणूस एकच. त्याच चिनी अक्षरांची ही दोन उच्चारणे. खरा घोळ होतो तो आसातो आन्को यांच्याशी. आसातो हे इतोसूंचे समकालीन आणि मित्र, तेही शुरीचेच. शोतोकान शैली ज्यांच्यापासून सुरू झाली ते फुनाकोशी गिचिन या दोघांकडेही शिकले, त्यामुळे त्यांच्या आठवणी वाचताना कोणता आन्को ते आडनावावरून पाहावे लागते. ओकिनावात आडनाव आधी लावतात, म्हणून इथे सगळी नावे त्याच क्रमाने दिली आहेत.

ते दिसायला कसे होते? खूप धिप्पाड होते का?

फुनाकोशींनी केलेल्या वर्णनानुसार उंची मध्यम, छाती मात्र पिंपासारखी गोल आणि भरदार. लांब मिशा असूनही चेहरा एखाद्या शहाण्या मुलासारखा सौम्य. ताकद दंडांत होती, पकड जबरदस्त होती. अंगावर फटके घेऊनही न हलणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती, आणि तो त्यांच्या तालमीचाच परिणाम होता.

त्यांचे गुरू कोण?

मुख्य गुरू मात्सुमुरा सोकोन. शुरीच्या राजघराण्याच्या सेवेतले हे योद्धे, शुरी परंपरेचे मूळ पुरुष मानले जातात.

मोतोबू चोकी यांनी मात्र आणखी एक दुवा सांगितला आहे. इतोसू काही काळ नाहा गावच्या नागाहामा नावाच्या गुरूंकडे शिकले. नागाहामांचा भर अंग कणखर करण्यावर होता. मृत्यूपूर्वी त्यांनीच इतोसूंना सांगितले, की मी तुला शरीर घट्ट करायला शिकवले, प्रत्यक्ष लढतीसाठी मात्सुमुरांकडे जा. मोतोबू हे इतोसूंवर टीका करणारे शिष्य होते, हे लक्षात ठेवूनच ही गोष्ट वाचावी. तरी इतोसूंच्या कराटेत शरीर कमावण्याला एवढे महत्त्व का होते, याचा धागा इथे सापडतो.

कराटे शेतकऱ्यांनी शोधले असे म्हणतात. इतोसू शेतकरी होते का?

नव्हते. मात्सुमुरा, इतोसू, आसातो हे तिघेही र्‍युक्यू राज्याच्या दरबारी सेवेतल्या वर्गाचे. इतोसू राजाच्या कारभारात लेखनिकाचे काम करत. चिनी अभिजात ग्रंथांचे शिक्षण आणि सुंदर हस्ताक्षर या कामासाठी लागे. 1609 मध्ये जपानमधल्या सात्सुमा या सरदारी संस्थानाने बेट जिंकले आणि निःशस्त्र शेतकऱ्यांनी हातापायांची विद्या घडवली, ही कथा पोस्टरवर छान दिसते. पण शुरीच्या परंपरेत ज्यांची नावे माहीत आहेत ते बहुतेक गुरू दरबारी घराण्यांतले आहेत.

1879 मध्ये जपानने र्‍युक्यू राज्य खालसा करून ओकिनावा प्रांत केला. राजा शो ताई यांना तोक्योला नेले. दरबारच उरला नाही, तशी त्यावर पोट असणाऱ्या वर्गाची घडी विस्कटली. इतोसू तेव्हा पन्नाशीला टेकले होते. पुढची वीसेक वर्षे त्यांनी घरीच मोजक्या मुलांना शिकवले. फुनाकोशी, याबू केन्त्सू, हानाशिरो चोमो हे त्या काळातले शिष्य.

कराटे शाळेत नेमके कधी आणि कसे आले?

1901 मध्ये शुरीच्या प्राथमिक शाळेत शारीरिक शिक्षणाचा भाग म्हणून. इतोसू तेव्हा सत्तर वर्षांचे होते. 1905 मध्ये ते प्रांताच्या पहिल्या माध्यमिक शाळेत शिकवू लागले. ही शाळा म्हणजे आजचे शुरी हायस्कूल. शिक्षक तयार करणाऱ्या अध्यापक विद्यालयातही कराटे आले आणि तिथे पुढे याबू केन्त्सू शिकवू लागले.

परवानगी का मिळाली, यामागे दोन कारणे दिसतात. एक म्हणजे सक्तीची लष्करभरती. ओकिनावात ती 1898 पासून लागू झाली. त्याआधीच स्वेच्छेने सैन्यात गेलेल्या याबू आणि हानाशिरो यांची शरीरयष्टी तपासणीत डॉक्टरांच्या डोळ्यांत भरली, असे सांगतात. दुसरे कारण म्हणजे शिक्षण खात्याचे अधिकारी ओगावा शिंतारो यांच्यासमोर झालेले प्रात्यक्षिक. ओगावांनी वर कळवले आणि मान्यता आली, असे फुनाकोशींनी लिहून ठेवले आहे. म्हणजे सरकारला हवे होते धडधाकट जवान आणि इतोसूंना हवी होती ही विद्या टिकवणारी पुढची पिढी. त्यांचे 1908 चे पत्र वाचताना हे दोन्ही हेतू एकाच वेळी समोर दिसतात.

पिनान काता त्यांनीच रचल्या का? आमच्या क्लासमध्ये तर हेइआन शिकवतात.

पिनान आणि हेइआन एकच. पाच काता, रचनाकार इतोसू, काळ साधारण 1904 ते 1907. मूळ सामग्री कुसान्कू आणि पास्साई या जुन्या, लांब कातांतली. मोतोबू चोकी सांगत, की आधी या कातांचे नाव चान्नान होते, पुढे इतोसूंनी हालचाली बदलल्या आणि नावही.

फुनाकोशी 1922 मध्ये तोक्योला गेले. नंतर त्यांनी पिनानचे हेइआन केले आणि पहिल्या दोन कातांची अदलाबदल केली. कारण साधे होते: मूळची पहिली काता दुसरीपेक्षा अवघड आहे. म्हणून (शोदान म्हणजे पहिली, निदान दुसरी, मग सान्दान, योन्दान, गोदान):

- शोतोकानची हेइआन शोदान म्हणजे इतोसूंची पिनान निदान.
- शोतोकानची हेइआन निदान म्हणजे इतोसूंची पिनान शोदान.
- सान्दान, योन्दान, गोदान यांचा क्रम तोच.

शितो-र्‍यू आणि वादो-र्‍यूमध्ये पिनान हे नाव आणि जुने क्रमांक कायम आहेत. क्योकुशिनमध्ये नाव पिनान, पण क्रम शोतोकानचा. महाराष्ट्रात या सगळ्या शैलींचे क्लास शेजारी शेजारी चालतात. क्लास बदलणाऱ्या मुलाला नव्या ठिकाणी "पिनान शोदान दाखव" म्हटले की ते नेमके इथे अडखळते. पालकांनी आधीच सेन्सेईंना (शिक्षकांना) शैली सांगावी, म्हणजे मुलाला काता येत नाही असा गैरसमज होणार नाही.

फरक क्रमापुरता नाही. शितो-र्‍यूच्या पिनान शोदानमध्ये नेकोआशी-दाची, म्हणजे मागच्या पायावर बहुतेक वजन असलेली आखूड स्टान्स (उभे राहण्याची ढब) येते. शोतोकानच्या हेइआन निदानमध्ये तिच्या जागी लांब कोकुत्सू-दाची आहे. ओकिनावात जिथे समोर लाथ मारतात, तिथे शोतोकानमध्ये बाजूची लाथ आहे. दोन्ही आपापल्या शैलीत बरोबर. मात्र एकाच कातात दोन्हींची सरमिसळ करू नये.

शोतोकानमध्ये हालचालींची संख्या अशी मोजतात: शोदान 21, निदान 26, सान्दान 20, योन्दान 27, गोदान 23.

हेइआन शोदानमधली चौथी हालचाल सगळ्यांची चुकते. ती नेमकी काय आहे?

इतोसूंची पद्धत समजून घ्यायला हीच हालचाल घ्यावी. उजवीकडे वळून गेदान-बाराई (खालचा ब्लॉक) झाली, उजवा पाय पुढे आहे. आता समजा समोरच्याने उजवे मनगट धरले. उजवा पाय अर्धा मागे ओढायचा, त्याच क्षणी हात आपल्याकडे खेचून पोटासमोरून, डोक्याच्या बाजूने वर्तुळात न्यायचा. मग पाय पुन्हा पुढे टाकत मुठीची करंगळीकडची बाजू हातोड्यासारखी खाली आणायची.

चुका तीन. पहिली: पाय न ओढता नुसता हात फिरवणे. पकड दंडाच्या जोराने सुटत नाही, शरीर मागे जाते तेव्हा सुटते, तेही समोरच्याच्या अंगठ्याच्या बाजूने. दुसरी: पाय मागे घेताना गुडघे ताठ करून उंच होणे. यात तोल जातो आणि फटक्यातले वजन निघून जाते. तिसरी: वर्तुळ बाहेरून, मोठे काढणे. त्यात आपला चेहरा उघडा पडतो आणि वेळही जातो.

जोडीदाराला खरोखर घट्ट मनगट धरायला लावा आणि दहा वेळा करा. त्यानंतर ही हालचाल मोजणीच्या नादात विसरली जात नाही.

नाइहान्चीला एवढे महत्त्व का?

फुनाकोशींनी लिहिले आहे, की इतोसूंच्या देखरेखीखाली नाइहान्चीच्या तीन काता शिकण्यात त्यांची दहा वर्षे गेली. शोतोकानमध्ये या तिघींना तेक्की म्हणतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या नाइहान्चीची रचना इतोसूंची मानली जाते.

ही काता एका सरळ रेषेत, डावी-उजवीकडे चालते. पुढे-मागे एकही पाऊल नाही. त्यामुळे वेग किंवा झेप यांच्या आड काही लपवता येत नाही. कंबर, मांड्या, खांदे यांत जे कच्चे असेल ते लगेच दिसते. ओकिनावाच्या शुरी परंपरेत स्टान्स आखूड असते आणि पायांची बोटे किंचित आत वळवतात. शोतोकानच्या किबा-दाचीत पाय लांब आणि समांतर असतात.

घरी सराव करायचा तर भिंतीजवळ उभे राहा. पाठ आणि भिंत यांत वीतभर अंतर ठेवा. पाय आडवा टाकताना भिंतीला नितंब लागले तर कंबरेतून वाकणे होते आहे. डोके वरखाली होत असेल तर भिंतीवर डोक्याच्या उंचीवर खडूने रेघ मारा आणि आरशात पाहा. गुडघे आत पडणे ही सर्वांत वाईट सवय आहे, कारण भार सांध्यावर येतो. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेने राहिला पाहिजे. गुडघ्याच्या आत दुखू लागले की स्टान्स आखूड करावी. आखूड केली म्हणून काता बिघडत नाही, इतोसूंच्या गावात ती आखूडच होती.

1908 च्या पत्रात काय आहे?

ऑक्टोबर 1908 मध्ये इतोसूंनी शिक्षण खात्याला उद्देशून दहा सूचना लिहिल्या. वय सत्त्याहत्तर. कराटेच्या सगळ्या लेखी वारशात आमच्या मते याहून मोलाचे पान नाही, कारण त्यात उपदेश थोडा आणि तालीम कशी करायची तेच जास्त आहे. आशय आमच्या शब्दांत:

सुरुवातीलाच ते सांगतात, की कराटे बौद्ध किंवा कन्फ्यूशियसच्या पंथातून आलेले नाही. शोरिन आणि शोरेई या दोन परंपरा चीनमधून आल्या, दोन्हींचे गुण आहेत, त्या मूळ रूपात जपाव्यात.

1. कराटे नुसते शरीर कमावण्यासाठी नाही. प्रसंगी राजा आणि आईवडिलांसाठी प्राण पणाला लावण्याचे धैर्य यावे. एकट्या गुंडाशी भांडायला ते वापरू नये. हाताने किंवा पायाने कोणाला जायबंदी करणे टाळावे.
2. स्नायू आणि हाडे खडकासारखी व्हावीत, हातपाय भाल्यासारखे. लहान वयात सुरुवात झाली तर पुढे सैन्यात उपयोग होईल. इथे ते वॉटर्लूची लढाई शाळेच्या मैदानावर जिंकली गेली हे वेलिंग्टनच्या नावावरचे वाक्य देतात. वेलिंग्टन तसे बोललाच नव्हता असे इतिहासकार मानतात, पण शुरीतला वृद्ध लेखनिक सरकारला पटवण्यासाठी युरोपातला दाखला शोधून काढतो, यातून त्याची तळमळ कळते.
3. कराटे झटपट येत नाही. बैल हळू चालला तरी शेवटी हजार कोस जातो. रोज एक-दोन तास मन लावून केले तर तीन-चार वर्षांत शरीर बदलते आणि या विद्येचे मर्म उलगडू लागते.
4. मुठी आणि पाय घडवायचे. माकिवारावर (ठोसे मारायच्या लाकडी फळीवर) खांदे खाली, छाती मोकळी, पाय जमीन धरून, श्वासाचा जोर ओटीपोटात ठेवून प्रत्येक हाताने शंभर ते दोनशे ठोसे मारायचे.
5. उभे राहताना पाठ सरळ, खांदे सैल, ताकद पायांत. शरीराचा वरचा आणि खालचा भाग एकजीव.
6. काता पुष्कळ वेळा करायची, पण प्रत्येक हालचालीचा अर्थ आणि ती कधी वापरायची हे जाणून. आत घुसणे, अडवणे, सुटका करून घेणे, पकडी यांतले बरेच काही तोंडी शिकवले जाते.
7. कोणती हालचाल शरीर घडवण्यासाठी आणि कोणती वापरासाठी, हे आधी ठरवावे.
8. सराव रणांगणावर असल्यासारखा करावा. नजर तीक्ष्ण, खांदे खाली, शत्रूचा वार खरोखर येतो आहे असे समजून अडवावे. म्हणजे प्रसंगी अंगात तेच उतरते.
9. झेपेल त्यापेक्षा जास्त करू नये. जोर वर चढतो, चेहरा आणि डोळे लाल होतात, शरीराला अपाय होतो.
10. कराटे करणारे अनेक जण दीर्घायुषी झाले, कारण हाडे-स्नायू बळकट होतात, पचन आणि रक्ताभिसरण सुधारते. म्हणून प्राथमिक शाळेपासून ते शारीरिक शिक्षणाचा पाया व्हावे.

शेवटी योजनाही आहे: अध्यापक विद्यालयात शिकलेले शिक्षक गावोगावच्या शाळांत जातील आणि दहा वर्षांत कराटे देशभर पसरेल.

चौथ्या सूचनेप्रमाणे मीही रोज दोनशे ठोसे मारावेत का?

पहिल्या दिवशी मुळीच नको. नववी सूचना चौथीइतकीच खरी आहे.

माकिवारा म्हणजे जमिनीत पुरलेली, वर निमुळती होत जाणारी लाकडी फळी, डोक्याशी पेंढ्याची दोरी गुंडाळलेली. फळी साधारण दोन मीटर लांब घ्यावी, तिचा एक तृतीयांश भाग जमिनीत. मारायची जागा उभे राहिल्यावर छातीच्या मध्याशी यावी. फळी दाबली की मागे झुकली पाहिजे आणि परत आली पाहिजे. न झुकणारा खांब किंवा सिमेंटची भिंत म्हणजे माकिवारा नव्हे, त्याने मनगट आणि कोपर जातात.

तर्जनी आणि मधल्या बोटाची गाठ आधी लागावी. मनगट सरळ. दर हाताला दहा ठोशांपासून सुरुवात करा, तेही ढकलल्यासारखे, सावकाश. कातडी सोलली की थांबा, भरून येईपर्यंत हात लावू नका. अनामिका आणि करंगळीच्या गाठी दुखत असतील तर मूठ वाकडी बसते आहे. खांदा दुखत असेल तर तो वर उचलला जातो आहे, आणि तेच इतोसूंनी बजावले आहे. शंभरपर्यंत पोचायला काही महिने जाऊ द्या. हाडांची वाढ चालू असलेल्या मुलांना माकिवारा देऊ नये, त्यांच्यासाठी मऊ पॅड पुरे.

इतोसूंनी शाळेसाठी कराटे पातळ केले, हा आरोप खरा आहे का?

बदल केले हे खरे. एका वेळी पन्नास मुले शिकवायची तर घातक पकडी, डोळ्यांवरचे वार, सांधे मोडण्याचे प्रकार उघड शिकवता येत नाहीत. मोजणीवर हालचाली आल्या आणि कातातल्या कृती ब्लॉक आणि ठोसा अशा सोप्या नावांनी शिकवल्या जाऊ लागल्या. मोतोबू चोकींसारख्या लढवय्या शिष्याला हे रुचले नाही.

पण सहावी आणि सातवी सूचना पुन्हा वाचा. शरीर घडवणारी हालचाल वेगळी आणि वापराची वेगळी, हे इतोसू स्वतः लिहितात. पकडी आणि सुटका तोंडी शिकाव्या लागतात, हेही तेच सांगतात. शाळेतली आवृत्ती अपुरी आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि पुढे ती कशी पूर्ण करायची तेही त्यांनी लिहून ठेवले. उणीव राहिली ती पुढे. शाळेतले कराटे हेच पूर्ण कराटे समजून ते पसरले. आजही बेल्टच्या परीक्षेत काताचा वेग आणि आवाज तपासला जातो, "ही हालचाल कशासाठी?" हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो प्रत्येक ग्रेडिंगमध्ये विचारला पाहिजे, यलो बेल्टपासून.

त्यांचे प्रमुख शिष्य कोण आणि आजच्या शैलींशी त्यांचा संबंध काय?

फुनाकोशी गिचिन यांच्यापासून शोतोकान. माबुनी केन्वा यांच्यापासून शितो-र्‍यू, ज्याच्या नावात इतोसू आणि माबुनींचे नाहामधले गुरू हिगाओन्ना कानर्‍यो या दोघांच्या आडनावांतले एकेक अक्षर आहे. चिबाना चोशिन ओकिनावातच राहिले, शोरिन-र्‍यूची एक मोठी शाखा त्यांची. तोयामा कानकेन, गुसुकुमा शिनपान, तोकुदा आनबुन, क्यान चोतोकू हेही त्यांच्याकडे शिकले. याबू केन्त्सू आणि हानाशिरो चोमो यांनी शाळांतले वर्ग पुढे चालवले.

गोजू-र्‍यू शिकणाऱ्यांचा वंश वेगळा, तो हिगाओन्नांचा. म्हणून त्यांच्या पारंपरिक अभ्यासक्रमात पिनान नाहीत.

ओकिनावाला गेल्यास इतोसूंशी संबंधित काय पाहता येईल?

नाहाच्या विमानतळावरून युई रेल या मोनोरेलने थेट गिबो स्टेशन गाठता येते. हाच त्यांचा जन्मभाग, पुढचे स्टेशन शुरी. शुरीचा किल्ला तिथून पायी जाण्यासारखा आहे. 31 ऑक्टोबर 2019 च्या आगीत त्याचा मुख्य महाल जळाला आणि नंतर पुनर्बांधणी हाती घेण्यात आली, त्यामुळे जाण्याआधी कोणता भाग खुला आहे ते पाहून घ्यावे. शुरी हायस्कूल याच परिसरात आहे. चालू शाळा असल्याने बाहेरूनच पाहावे. तोमिगुसुकू इथले ओकिनावा कराटे काइकान मार्च 2017 मध्ये सुरू झाले. तिथे प्रदर्शन दालन आणि सरावाचे दोजो आहेत. स्थानिक दोजोत सराव करायचा असेल तर आपल्या सेन्सेईंकरवी आधी पत्रव्यवहार करावा, स्वच्छ पांढरा गी (कराटेचा पोशाख) न्यावा आणि आपल्या शैलीतली नाइहान्ची किंवा तेक्की शोदान तयार ठेवावी. बहुधा तीच आधी करून दाखवायला सांगतात.